वाचकांचे प्रश्न : तिशी ओलांडलेले विजेते आणि त्यांचे प्रतिस्पर्धी

पुरुषांच्या टेनिसमधील दीर्घ कारकिर्दींविषयी गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सर्वाधिक पत्रे पुण्यातून आली. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात २०१८ ते २०२० आणि पुन्हा २०२२ व २०२३ अशी पाच वेळा टाटा ओपन महाराष्ट्र ही एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) मालिकेतील स्पर्धा झाली, तेव्हापासून या शहरात टेनिसविषयी जाणतेपणाने बोलणारा वर्ग वाढला आहे, आणि तो या पत्रांतून स्पष्ट दिसतो. एकाच आशयाची पत्रे येथे एकत्र केली आहेत.

प्रश्न : बियाँ बोर्गने सव्विसाव्या वर्षी खेळ सोडला. आमच्या तरुणपणी तिशीचा टेनिसपटू म्हणजे संपलेला टेनिसपटू, असेच मानले जाई. जोकोविच मात्र अडतिसाव्या वर्षीही उपांत्य फेरी गाठतो. एवढा फरक कशामुळे पडला? (एक निवृत्त बँक कर्मचारी, सहकारनगर)

आपल्या प्रश्नातील निरीक्षण १९८० च्या दशकापुरते बरोबर आहे; त्यापूर्वीचा काळ पाहिला तर चित्र बदलते. ऑस्ट्रेलियाचा केन रोझवॉल १९३४ मध्ये जन्मला. १९५७ च्या आरंभी तो व्यावसायिक झाला आणि त्या काळच्या नियमानुसार पुढची अकरा वर्षे त्याला ग्रँडस्लॅम म्हणजे ऑस्ट्रेलियन (मेलबर्न), फ्रेंच (पॅरिस), विम्बल्डन आणि अमेरिकन (न्यूयॉर्क) या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची दारे बंद राहिली. १९६८ मध्ये ती उघडताच त्याने तेहतिसाव्या वर्षी फ्रेंच विजेतेपद मिळवले आणि १९७२ मध्ये सदतिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन. एकेरीचे ग्रँडस्लॅम जिंकणारा खुल्या युगातील, म्हणजे १९६८ मध्ये व्यावसायिकांना प्रवेश मिळाल्यानंतरचा, सर्वांत वयस्क पुरुष आजही तोच आहे. पाँचो गोन्सालेसने १९६९ च्या विम्बल्डनमध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी चार्ली पासारेलला पाच तास बारा मिनिटांत हरवले. त्या सामन्याचा पहिला सेटच २२-२४ असा होता. तेव्हा उशिरापर्यंत खेळणे नवे नाही. एकाच काळातले तीन-चार सर्वश्रेष्ठ खेळाडू एकमेकांशी झुंजत पस्तिशीपर्यंत अग्रस्थानी राहणे हे मात्र नवे आहे.

आकडे पाहिले की हा बदल किती मोठा आहे ते ध्यानात येते. वयाची तीस वर्षे पूर्ण झाल्यानंतर पीट सँप्रसला एक ग्रँडस्लॅम मिळाले आणि आंद्रे अगासीला दोन. फेडररने चार मिळवली, नदालने आठ, तर जोकोविचने बारा, म्हणजे त्याच्या एकूण चोवीस विजेतेपदांपैकी नेमकी निम्मी.

याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. बक्षिसांची रक्कम वाढली, त्यामुळे आघाडीचा खेळाडू प्रशिक्षकाबरोबरच फिजिओथेरपिस्ट आणि व्यायाम-मार्गदर्शक यांना वर्षभर सोबत घेऊन फिरू लागला. दुखणे वाढण्याआधीच त्याच्यावर उपाय होऊ लागला. २००१ च्या विम्बल्डनपासून ग्रँडस्लॅममध्ये सोळाऐवजी बत्तीस खेळाडूंना मानांकन मिळू लागले. हा बदल लहान वाटतो, परंतु वाढत्या वयात त्याचे मोल फार आहे, कारण मानांकित खेळाडूची दुसऱ्या मानांकित खेळाडूशी तिसऱ्या फेरीपूर्वी गाठच पडत नाही आणि पहिल्या आठवड्यातील दमछाक टळते. त्याच वर्षी विम्बल्डनने गवताचे वाण बदलले आणि चेंडू अधिक एकसारखा उसळू लागला. त्याच सुमारास पॉलिएस्टरच्या तारा रुळल्या आणि बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, जोरदार फिरकीचे फटके मारणारा खेळ गवतावर, मातीवर आणि हार्डकोर्टवर सारख्याच ताकदीने चालू लागला. पूर्वी एखाद्याच पृष्ठभागाचे तज्ज्ञ मोठ्या विजेत्यांना तेथे हमखास अडवत. ती अडचण पुष्कळच कमी झाली. शिवाय ठरावीक वय, सामन्यांची संख्या आणि सेवेची वर्षे पूर्ण केलेल्यांना ग्रँडस्लॅमखालोखालच्या मास्टर्स स्पर्धांच्या सक्तीतून एटीपी सवलत देते. २०१७ आणि २०१८ मध्ये फेडररने मातीवरचा संपूर्ण हंगाम वगळला. २०२५ मध्ये जोकोविच विम्बल्डननंतर एकही स्पर्धा न खेळता थेट न्यूयॉर्कला उतरला.

बोर्गचे प्रकरण वेगळे आहे. त्याचे शरीर थकलेले नव्हते. १९८२ मध्ये स्पर्धांची किमान संख्या पूर्ण करा, अन्यथा पात्रता फेरीतून या, अशी अट त्याच्यापुढे आली आणि ती त्याने मानली नाही. विश्रांती घेत खेळण्याची मुभा त्या काळी असती तर तो आणखी किती वर्षे दिसला असता, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

प्रश्न : फेडरर, नदाल आणि जोकोविच यांनी एकमेकांना इतके झिजवले नसते, तर तिघेही आणखी टिकले असते, असे मला वाटते. आपले मत काय? (एक वाचक, कोथरूड, याच आशयाचे पत्र औंध येथूनही आले आहे)

झीज झाली, यात शंका नाही. २०१२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनचा अंतिम सामना जोकोविच आणि नदाल पाच तास त्रेपन्न मिनिटे खेळले, आणि बक्षीस समारंभात दोघांनाही उभे राहवेना म्हणून त्यांच्यासाठी खुर्च्या आणाव्या लागल्या. परंतु माझे मत आपल्या मताच्या नेमके उलट आहे, आणि ते पूर्ण विचारांती बनले आहे : हे तिघे इतकी वर्षे टिकले ते एकमेकांमुळेच.

वय वाढलेल्या विजेत्याला वेग कमी होण्याइतकाच धोका सवयीचा असतो. ज्या फटक्याने दहा वर्षे सामने जिंकून दिले, तो बदलण्याची इच्छा कोणाला होईल? दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवर तो फटका चालतच राहतो, त्यामुळे त्यातली उणीव उघडी पडत नाही. ती उघडी पाडण्यासाठी नेटपलीकडे तितक्याच तोलामोलाचा माणूस वारंवार उभा राहावा लागतो.

फेडररचेच पाहा. २००४ मध्ये मायामीला सतरा वर्षांच्या नदालने त्याला पहिल्याच भेटीत सरळ सेटमध्ये हरवले, आणि पुढे वर्षानुवर्षे एकच दृश्य दिसत राहिले : नदालचा डावखुरा, प्रचंड फिरकीचा फोरहँड फेडररच्या एकहाती बॅकहँडवर खांद्याइतका उंच उसळायचा आणि फेडरर मागे सरकत बचावात्मक परतावा करायचा. एका टप्प्यावर हा हिशोब नदालच्या बाजूने २३-१० असा होता. २०१४ मध्ये फेडररने वर्षानुवर्षे वापरलेली नव्वद चौरस इंचांची रॅकेट बाजूला ठेवून सत्त्याण्णव चौरस इंचांची घेतली. तेहतिशीकडे झुकलेल्या, सतरा ग्रँडस्लॅम जिंकलेल्या माणसाने हत्यारच बदलावे, ही साधी गोष्ट नव्हे. २०१६ मध्ये गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्याने सहा महिने विश्रांती घेतली आणि २०१७ च्या जानेवारीत मेलबर्नच्या अंतिम सामन्यात पुन्हा नदालच समोर आला. पाचव्या सेटमध्ये फेडरर १-३ असा मागे होता. तेथून त्याने सलग पाच गेम जिंकले, आणि ते त्याच बॅकहँडच्या बळावर, जो आता तो बेसलाइनला चिकटून, चेंडू वर चढत असतानाच, सपाट मारत होता. त्या वर्षी दोघांचे चार सामने झाले आणि चारही पस्तिशी ओलांडलेल्या फेडररने जिंकले. नदाल नसता, तर हा बॅकहँड घडला असता असे मला वाटत नाही.

नदालला हीच शिकवण जोकोविचने दिली. २०११ या एकाच वर्षात तो जोकोविचविरुद्ध सहा अंतिम सामने हरला, ज्यांत माद्रिद आणि रोमच्या मातीवरचे दोन होते. त्यानंतरचा नदाल हळूहळू वेगळा होत गेला : रॅली लवकर संपवणारा, नेटकडे अधिक येणारा, आणि २०१९ च्या आरंभी तर सर्व्हिसची पद्धतच नव्याने बसवणारा. चौदा फ्रेंच विजेतेपदांपैकी शेवटचे त्याने २०२२ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, दुखरे पाऊल इंजेक्शनांनी बधिर करून मिळवले. त्याच वर्षी मेलबर्नला तो मेदवेदेवविरुद्ध दोन सेटने मागे पडूनही पाच तास चोवीस मिनिटांत जिंकला होता. केवळ दमसासावर असे विजय मिळत नाहीत. त्यासाठी खेळ अनेकदा मोडून पुन्हा जुळवलेला असावा लागतो.

जोकोविच या दोघांच्या मागून आला. २००८ मध्ये पहिले ग्रँडस्लॅम मिळाल्यावर दुसऱ्यासाठी त्याला तीन वर्षे थांबावे लागले, आणि त्या काळातील पराभवांनीच आपल्याला घडवले असे तो आजही मोकळेपणाने सांगतो. आहारातील बदल आणि सर्व्हिसची दुरुस्ती ही सारी खटपट या दोघांना गाठण्यासाठी होती. २०१८ मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर तो क्रमवारीत बाविसाव्या स्थानापर्यंत घसरला, तेव्हा त्याला सावरणारा सामनाही नदालविरुद्धचाच ठरला : दोन दिवस चाललेली विम्बल्डनची उपांत्य लढत त्याने पाचव्या सेटमध्ये १०-८ अशी जिंकली. पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात अडतिशीला टेकलेल्या फेडररने त्याच्याहून अधिक गुण मिळवले, २१८ विरुद्ध २०४. स्वतःच्या सर्व्हिसवर त्याला विजेतेपदाचे दोन गुणही मिळाले होते. तरीही तिन्ही टायब्रेकर जोकोविचने घेतले आणि सामनाही. दोन प्रौढ खेळाडूंनी एकमेकांकडून इतके उत्तम टेनिस काढून घेतल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

या विचाराला एक अपवाद मी स्वतःच नोंदवतो. १९८१ मध्ये अमेरिकेच्या जॉन मॅकेन्रोने बोर्गला विम्बल्डन आणि अमेरिकन स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत हरवले, आणि त्यानंतर बोर्ग एकही ग्रँडस्लॅम खेळला नाही. पराभव त्याच्याही समोर उभा होता. नव्याने शिकण्याची भूक मात्र उरली नव्हती. प्रतिस्पर्धी दार दाखवतो, आत जाण्याची तयारी खेळाडूचीच असावी लागते.

प्रश्न : ज्येष्ठ खेळाडू इतके जिंकले ते मधली पिढी कमकुवत होती म्हणून, असे माझे वर्गमित्र म्हणतात. हे खरे आहे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कर्वेनगर)

१९९० च्या दशकात जन्मलेल्या पुरुषांपैकी २०२५ अखेरपर्यंत एकेरीचे ग्रँडस्लॅम केवळ दोघांना मिळाले : २०२० मध्ये डॉमिनिक थीमला आणि २०२१ मध्ये डॅनिल मेदवेदेवला. दोघेही अमेरिकन स्पर्धेचे विजेते. आपल्या मित्रांचा संशय या आकड्यावरून आला असणार. परंतु त्सित्सिपासकडे पाहा. तो दोन ग्रँडस्लॅम अंतिम सामने खेळला आणि दोन्ही जोकोविचकडून हरला. २०२१ च्या पॅरिसमध्ये तर पहिले दोन सेट जिंकून. झ्वेरेव २०२५ अखेरपर्यंत तीनदा अंतिम सामन्यात पोहोचला. त्यांना कमकुवत म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांची अडचण अशी होती की एका दिग्गजाला उपांत्यपूर्व फेरीत हरवले, तरी पुढच्या फेरीत दुसरा उभा असे, आणि पाच सेटच्या सामन्यात अनुभवी खेळाडूला आपली चूक ओळखून डावपेच बदलायला पुरेसा वेळ मिळे.

यानिक सिनर आणि कार्लोस अल्काराझ हे तरुण आले तेव्हा हे दडपण सरले होते. फेडररने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये निरोप घेतला, नदालने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये. २०२४ आणि २०२५ मधील आठही ग्रँडस्लॅम सिनर आणि अल्काराझ यांनी समसमान वाटून घेतली. त्यांचा दर्जा कमी लेखण्याचे कारण नाही. २०२५ चा पॅरिसमधील अंतिम सामना पाहिलेल्या कोणालाही ते पटेल.

प्रश्न : पाच सेटचे सामने तीन सेटचे केले, तर ज्येष्ठ खेळाडूंना लाभ होईल का? (एक वाचक, चिंचवड)

एखाद्या सामन्यापुरता होईल, स्पर्धेपुरता होईलच असे नाही. २०२४ मध्ये सदतिसाव्या वर्षी जोकोविचने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले, ते तीन सेटच्या अंतिम सामन्यात, अल्काराझला दोन टायब्रेकरमध्ये हरवून. २०२५ च्या अमेरिकन स्पर्धेनंतर त्यानेच कबूल केले की सिनर आणि अल्काराझ या दोघा तरुणांना पाच सेटमध्ये हरवणे आता फार अवघड झाले आहे. मात्र लहान सामन्यात उलटफेरही अधिक होतात आणि पिछाडी भरून काढायला वाव राहत नाही. ग्रँडस्लॅम पाच सेटचेच राहावे, असे मला ठामपणे वाटते.

प्रश्न : २०१९ चा बालेवाडीतील अंतिम सामना आम्ही सहकुटुंब पाहिला होता. कार्लोविच तेव्हा चाळिशीला आला होता. हे केवळ उंचीमुळे शक्य झाले का? आणि आपल्याकडे असे कोणी आहे का? (एक गृहिणी, बाणेर)

आपण इतिहासातील एका दुर्मीळ सामन्याच्या साक्षीदार आहात. इव्हो कार्लोविच त्या वेळी एकोणचाळीस वर्षांचा होता, आणि १९७७ मधील रोझवॉलनंतर एटीपी स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो सर्वांत वयस्क खेळाडू ठरला. बत्तीस वर्षांच्या केव्हिन अँडरसनने तो सामना ७-६, ६-७, ७-६ असा जिंकला. तिन्ही सेट टायब्रेकरवर गेले. दोनशे अकरा सेंटिमीटर उंचीचा लाभ उघडच आहे, कारण तितक्या उंचीवरून येणारी सर्व्हिस पलीकडच्या खेळाडूच्या खांद्यावरून जाते, आणि कारकिर्दीत त्याने तेरा हजारांहून अधिक बिनतोड सर्व्हिस केल्या. सर्व्हिस हा टेनिसमधील असा एकच फटका आहे की जो प्रतिस्पर्ध्याच्या वेगावर अवलंबून नसतो, म्हणून वयाचा परिणाम त्याच्यावर सर्वांत उशिरा होतो. परंतु एवढी उंची सांध्यांवर भारही टाकते. इतक्या उंच खेळाडूने चाळिशीपर्यंत वाकणे, वळणे आणि नेटपर्यंत धावणे टिकवून ठेवले, याचे श्रेय त्याच्या मेहनतीला द्यायला हवे.

आपल्याकडचे नाव अर्थातच रोहन बोपण्णा. मूळचा कोडगूचा हा खेळाडू किशोरवयात पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे शिकला, आणि बालेवाडीत त्याने २०१९ मध्ये दिविज शरणसह व २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसह दुहेरीचे विजेतेपद मिळवले. २०२४ च्या जानेवारीत, त्रेचाळिसाव्या वर्षी, मॅथ्यू एब्डनसह तो ऑस्ट्रेलियन ओपनचा विजेता झाला आणि दुहेरीच्या क्रमवारीत प्रथमच अव्वल स्थानी पोहोचला. गुडघ्यांतील कूर्चा जवळजवळ संपल्यावर अय्यंगार पद्धतीच्या योगाभ्यासाने आपल्याला पुन्हा उभे केले, असे त्याने जाहीरपणे सांगितले आहे. या पद्धतीची मूळ संस्था आपल्याच मॉडेल कॉलनीत आहे, हे पुणेकरांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. दुहेरीत निम्मेच कोर्ट सांभाळावे लागते हे खरे. तरीही २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत त्याची सर्व्हिस आणि परतावा पंचविशीतल्या खेळाडूंशी टक्कर घेत होते.

प्रश्न : मी पन्नाशीत आहे आणि रोज सकाळी क्लबवर खेळतो. जोकोविचचा आहार व व्यायाम मी अनुसरावा का? (एक वाचक, प्रभात रस्ता)

तसाच्या तसा अनुसरू नये. तो आहार त्याच्या शरीराच्या तपासणीनुसार ठरलेला आहे आणि व्यायामावर पूर्णवेळ तज्ज्ञांची देखरेख असते. खेळण्यापूर्वीचा पुरेसा सराव-व्यायाम आणि सामन्यांमधील विश्रांतीचे दिवस एवढे त्याच्याकडून घ्यावे. गुडघा दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : जोकोविचने आता थांबावे, असे वाटते. सम्राटाला असे हरताना पाहवत नाही. (एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ)

आपल्या पत्रातील माया मला समजते, तरीही मी आपल्याशी सहमत नाही. २०२५ मध्ये जोकोविचने चारही ग्रँडस्लॅमची उपांत्य फेरी गाठली. मेलबर्नला स्नायूच्या दुखापतीमुळे झ्वेरेवविरुद्ध त्याला सामना सोडावा लागला, आणि उरलेल्या तीन ठिकाणी त्याला सिनर किंवा अल्काराझ यांनीच रोखले. ग्रँडस्लॅममध्ये पूर्ण झालेल्या सामन्यात दोनच माणसे ज्याला अडवू शकली, त्याला थांबायला कोणत्या न्यायाने सांगायचे?

रोझवॉलविषयीही १९७४ मध्ये असेच बोलले गेले असेल. त्या वर्षी एकोणचाळिसाव्या वर्षी विम्बल्डन आणि अमेरिकन अशा दोन्ही अंतिम सामन्यांत तरुण जिमी कॉनर्सने त्याची दाणादाण उडवली. न्यूयॉर्कचा निकाल ६-१, ६-०, ६-१ असा होता. परंतु विम्बल्डनच्या त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचताना रोझवॉलने न्यूकोम्बला हरवले होते, आणि स्टॅन स्मिथला दोन सेटच्या पिछाडीवरून. अंतिम पराभवाच्या भीतीने तो घरी बसला असता, तर हे दोन विजय खेळाच्या इतिहासात नसते. पुढे १९९१ मध्ये हाच कॉनर्स एकोणचाळिसाव्या वाढदिवशी आरन क्रिकस्टीनला पाचव्या सेटच्या टायब्रेकरमध्ये हरवून अमेरिकन स्पर्धेच्या उपांत्य फेरीकडे निघाला होता.

अँडी मरेला तर २०१९ च्या जानेवारीत मेलबर्नच्या कोर्टवर निरोपाची चित्रफीतच दाखवण्यात आली होती. खुब्यात धातूचा सांधा बसवून तो परतला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला विजेता झाला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत खेळला. निवृत्तीनंतर काही महिन्यांतच जोकोविचने त्याला आपला प्रशिक्षक म्हणून बोलावले. दोघांच्या वयात केवळ एका आठवड्याचे अंतर, आणि आपसातील छत्तीस सामन्यांपैकी पंचवीस जोकोविचने जिंकलेले. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये दुखऱ्या पायाने खेळत जोकोविचने अल्काराझला चार सेटमध्ये हरवले, तेव्हा त्याला बाजूने सूचना देत होता तो मरेच.